मेलेलं रानडुक्कर दिसलं तर

नाचणीत डुक्कर शिरलं की अख्खी वाडी उठते. तेच परयात, म्हणजे ओढ्यात, मेलेलं दिसलं तर "पीडा टळली" म्हणून माणूस पुढे निघतो. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगात खरी भीती त्या मढ्याचीच. जिवंत कळप आपला परिसर सहसा सोडत नाही, त्यामुळे त्याच्या पायांनी रोग हळूहळू सरकतो. मढं मात्र हुंगायला, उकरायला येणाऱ्या प्रत्येक डुकराला लागण देतं. आणि रोगाची लांब उडी पडते ती माणसाने पिशवीतून नेलेल्या डुकराच्या मटणामुळे.

भारतात हा विषाणू 2020 साली आसाम-अरुणाचलात सापडला. माणसाला होत नाही, पण लागण झालेली बहुतेक डुकरं मरतात. क्लासिकल स्वाइन फीवर या डुकरांच्या दुसऱ्या तापाची लस इथे निरुपयोगी, कारण विषाणूच वेगळा. लक्षणं मात्र इतकी सारखी की प्रयोगशाळेतल्या पीसीआर तपासणीशिवाय सांगता येत नाही.

तापलेलं जनावर पाण्याकडे येतं. त्यामुळे मे महिन्यात परयाच्या शेवटच्या डोहाशी आठवड्यात दोन-तीन मढी, अंगावर जखम नाही, नाकाशी रक्ताळ फेस, असं दिसलं तर शंका घ्याच. कान आणि पोट जांभळं पडतं म्हणतात, पण काळ्या केसाळ कातडीवर ते दिसेलच असं नाही. जबडा फुटला असेल तर गावठी बॉम्ब. माने-कमरेला तारेची खाच असेल तर फासकी. तरीही कळवावंच.

मढं ओढू नका, पोट फाडू नका; रक्त सांडेल तिथे विषाणू राहतो. लांबून फोटो आणि लोकेशन घ्या, वनखात्याला 1926 वर आणि पशुवैद्यकाला 1962 वर फोन करा. कुजलं म्हणून सोडून देऊ नका, लांब हाडातल्या मगजावरही तपासणी होते. पुरताना आपल्याकडे अडचण जांभ्याची. कातळावर फूटभर खणून दगड रचले तर कोल्हे-कुत्रे रात्रीतच उकरतात. मढं गळणार नाही अशा जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, माती खोल आहे आणि विहीर लांब आहे अशा जागीच न्यायला लावा.

चपलांचा चिखल आधी ब्रशने, साबणाने काढा. चिखलावर क्लोरीन वाया जातं. मग ताजी ब्लीचिंग पावडर लिटरला साधारण 80 ग्रॅम, अर्धा तास. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी वापरू नका, तिच्यातलं क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं.

पाळीव डुकरांना हॉटेलचं खरकटं न घालणंच बरं. घालायचंच तर 90 अंशांवर तासभर, ढवळत.

आणि हाका, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं उठवायची शिकार, नको. चेक प्रजासत्ताकात झ्लीनजवळ 2017 मध्ये हा रोग आला, तेव्हा गाभ्याच्या भागातली शिकार आधी थांबवली, कुंपण घातलं, मढी शोधून उचलली. 2019 मध्ये देश रोगमुक्त ठरला. हाक्याने कळप फुटतो आणि आजारी डुक्कर डोंगर ओलांडून पलीकडच्या गावच्या पाणवठ्यावर जाऊन मरतं.