आगळातला सॅमन
घरी पोचायला साडेसात वाजले. सिएटलमध्ये राहून सॅमन करायचा नाही, हे मला पटतच नाही. तुकडे कोरडे टिपले, कातडीची बाजू खाली करून तव्यावर ठेवले आणि पाच मिनिटं हातच लावला नाही. मासा खालून वर हळूहळू फिका होत जातो, ते बघत उभी राहिले. मध आधी घातला की करपतो, म्हणून सोया सॉस, मध, ठेचलेला लसूण आणि आईने मालवणहून दिलेलं चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, शेवटच्या दोन मिनिटांत. (आगळात मीठ असतंच, सोया सॉस बेतानेच घाला!) रस दाटला, चमच्याने वरून सोडत राहिले. काय लालसर चकाकी आली! लेकीने कुरकुरीत कातडी आधी संपवली, मग भात. आईला फोटो पाठवला. तिकडे सकाळच्या चहाची वेळ होती, लगेच फोन आला.