वेचणीच्या दिवसांतला प्रचार

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

विधानसभेच्या प्रचाराला दुपारी जाऊच नये असं माझं आता पक्कं मत झालंय. वरून ग्रुपवर मेसेज येतो, दुपारच्या वेळात वस्त्या करून घ्या, फोटो टाका. आता वस्त्या करा म्हणजे काय करा, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या या गावांत नोव्हेंबरात दुपारी माणूस सापडते कुठं, सगळे वावरात, कापसाची वेचणी जोरात, दारं नुसती ओढलेली आणि ओसरीवर एखादी म्हातारी नातवंड सांभाळत बसलेली. तिला पत्रक दिलं की ती ते नातवाच्या हातात देते आणि तो आमच्या उमेदवाराचं चिन्ह चघळत बसते. त्याचाच फोटो टाकला होता एकदा, कोणालाच आवडला नाही.

म्हणून मी आपलं बाया वावरात निघायच्या आधी किंवा मग दिवेलागणीनंतर जातो. चहा मात्र घरोघरी प्यावाच लागते, नाही म्हटलं तर लोक मनाला लावून घेतात, रात्री झोप लागत नाही मग.

गडीमाणसं दारात भेटली की एकच बोलतात, "हाव भाऊ, आपलंच काम हाय, टेन्शन नोका घेऊ." हे ते सगळ्यांनाच सांगतात. एका घरी तर आमच्यासकट सगळ्या पार्ट्यांची पत्रकं एकाच खिळ्याला टोचलेली होती, मला हसू आलं, त्यालाही आलं. तसल्या 'हाव'वर बूथचा हिशोब मांडणारे आमचे वरचे लोक बघितले की मला त्यांचं कौतुकच वाटते.

खरं बोलणं आतून येते. आज संध्याकाळी एका घरात गेलो, अर्ध्या खोलीत छताला भिडेल असा कापूस रचलेला, घरमालक खाटेवर आमच्याशी राजकारण बोलत होता, आणि त्याची बायको दाराशी वेचणाऱ्या बायांच्या गाठोड्यांचं वजन करत होती. काट्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "लाडक्या बहिणीचे पंधराशे आले जी, नोव्हेंबरचेबी दिवाळीच्या आधीच आले, नाई कसं म्हनू. पन तेलाचा पुडा एवढा काहून महाग झाला ते सांगा."

आता याचं उत्तर मला माहीत आहे, पण ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही. सप्टेंबरात केंद्रानं कच्च्या सोयाबीन तेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, कशासाठी, तर इथल्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. तेल लगेच महागलं. सोयाबीन काही हललं नाही, हमीभाव क्विंटलला ४८९२ आणि बाजारात व्यापारी चार हजाराच्या आसपास मागते, कारण विचारलं तर ओलावा. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट बारा टक्के होती, ती काल पंधरा केली, मतदानाला पाच दिवस राहिले असताना! तोवर निम्म्या लोकांनी माल विकून चुकारा खर्चूनही टाकला. म्हणजे त्या एकाच घरातून सोयाबीन स्वस्तात गेलं आणि तेल महागात आत आलं, आणि मी तिथं बायांना महिन्याला २१०० देणार की ३००० असल्या आकड्यांची भाषणं पाठ करून गेलेलो. एवढंच म्हटलं, "काकू, तुमचं बरोबर हाय." तिनं पुढचं गाठोडं काट्याला अडकवलं.

बाकी वेळ यादीतच जाते. घरात नावं सहा, माणसं दोन. दोन पोरं चाकणला कंपनीत, पोरगी लग्न होऊन दारव्ह्याकडं गेली तरी नाव इथंच, आणि आजोबा वारले तेही अजून मतदार. पोरांचं काय तर २० तारीख बुधवारी, मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यानं आहे, पण पुण्याहून इथं यायला एक रात्र आणि परत जायला दुसरी, एका सुट्टीत कसं बसवणार. त्यांना फोन करा म्हणून आमच्याकडे वेगळी यादी आहे, मी करतो फोन, पोरं गोड बोलतात.

कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरही जाऊन आलो. आर्णी मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, तरी पोडावर पार्टीवाले शेवटीच पोचतात, रस्ता तसाच आहे म्हणा. तिथं कोणी भाषण ऐकायला तयार नव्हतं, एकाच गोष्टीची काळजी, मतदार कार्ड हरवलं तर परत पाठवतील का. नाही पाठवत, यादीत नाव पाहिजे बस, रोजगार हमीचं फोटो असलेलं जॉबकार्डही चालते. हे सांगितल्यावर दोघी-तिघी घरात जाऊन आपापली कार्डं घेऊन आल्या, एकीचं पावसानं भिजून फोटोच पुसला होता. तिचं आधार आहे का विचारलं तर ते मुलाकडं, मुलगा कापूस भरायला तेलंगणाकडं गेलेला. त्याला उद्या सकाळी फोन लावून बघतो, १८ ला संध्याकाळी सहाला प्रचार बंद, पण कार्ड शोधायला कोण अडवते.