एकच मूनकेक

परवापासून ते चिनी आजोबा डोक्यातून जातच नाहीयेत. बोलले तरी काय, माझ्या हातातली पिशवी बघून "ओन्ली वन?" एवढंच, आणि स्वतःचे डबे सावरत गेले निघून.

हो, एकच. मग?

ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवरची ईस्टर्न बेकरी, 1924 पासूनची, शंभरी उलटली तरी क्लिंटन येऊन गेल्याचे फोटो अजून लावलेत. एरवी मी तिथे कॉफी क्रंच केकसाठी जाते (तो मुळात चिनी नाहीच, ब्लम्स म्हणून जुनं दुकान होतं सॅन फ्रान्सिस्कोत, त्यांचा, दुकान गेलं आणि केक चायनाटाउनात टिकला, असो). यंदा मात्र मूनकेकच हवा होता, कारण चिनी लोकांचा मूनकेकचा सण, शरदातल्या पौर्णिमेचा, आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबर 2025 ला. नाहीतर त्यांची पौर्णिमा बहुतेक वेळा अनंत चतुर्दशीच्या आसपासच उरकते, पण यंदा त्यांचा अधिक महिना होऊन गेला आणि आपला पुढच्या वर्षी, म्हणून गाठ पडली.

आता मूनकेक काय एकट्याने खायचा प्रकार आहे का. चारचा डबा घ्यायचा, नातेवाइकांकडे पोचवायचा, घरी चहाबरोबर कापून सगळ्यांनी खायचा. कमळाच्या बियांचं गच्च गोड सारण, मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक, चतकोरात माणूस गार. म्हणजे बनवतानाच चार तोंडं धरलेली. डबा मीही घेतला असता, पण द्यायचा कुणाला? नीता डॅलसला गेली. कुलकर्ण्यांकडे तर आता... जाऊ दे. आणि पुण्यातली गच्ची, ते पण जाऊ दे.

रविवार अख्खा यात घालवला की त्या आजोबांना मी काय वाटले असेन, बिचारी की कंजूष. कंजूष चालेल. खरंच चालेल. बिचारी नको.

आज मसाला दूध आटवलं, सवयीने अर्धा गॅलन, कोण पिणार देव जाणे. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिची कोजागिरी कधीच आटपलेली, तिकडे मंगळवार सकाळ. केक कापून दाखवला तर म्हणाली, "अगं बाई, मधे किती छान पिवळं, केशर घातलंय का?"

मी हो म्हटलं.

चारातले तीन तुकडे खाल्ले मी. आणि तो बलक दुधाबरोबर अजिबात चांगला लागत नाही, सांगून ठेवते.