ट्रायपॉडवरचा मृग आणि दोन फळ्यांवरचा मृग: या हंगामाची नोंद

या हिवाळ्यात एकच गोष्ट तपासायची ठरवली होती. कॅमेरा तोच, लेन्स तीच, लक्ष्यही तेच, म्हणजे मृगातला तेजोमेघ, एम ४२. एकूण एक्स्पोजरसुद्धा सारखंच ठेवायचं. एकदा नुसत्या ट्रायपॉडवरून आणि एकदा घरी केलेल्या ट्रॅकरवरून, म्हणजे आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणाऱ्या साधनावरून. ट्रॅकरने फरक पडतो हे आपल्यात सगळेच सांगतात, पण तो नेमका कुठून येतो हे मला माझ्याच फ्रेम्समध्ये बघायचं होतं.

सामान साधं आहे. कॅनन १३००डी, आत काहीही बदल न केलेला. जुनी ५० मिमी एफ/१.८ लेन्स, जिची फोकसची रिंग हाताने खरोखर फिरते. मध्यम वजनाचा ट्रायपॉड, तारेचा रिमोट, दोन बॅटऱ्या. जागा वेल्ह्याच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेताच्या बांधावर. तिथून पुण्याच्या दिव्यांची उजळी ईशान्येला राहते आणि दक्षिणेचं आकाश बऱ्यापैकी काळं मिळतं. आपल्या अक्षांशावर हीच बाजू मोलाची आहे, त्यावर शेवटी बोलते.

आधी ट्रायपॉडचा भाग. ताऱ्यांच्या रेघा न होता किती सेकंद देता येतात, त्यासाठी ५०० भागिले फोकल लेंथ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. क्रॉप सेन्सरचा १.६ गुणक धरला तर ५० मिमीला तो सहा सेकंद देतो. हे सहा सेकंद मोबाइलच्या पडद्यापुरते ठीक आहेत, स्टॅकिंगला, म्हणजे अनेक फ्रेम्स जुळवून एक चित्र करायला, चालत नाहीत. हिशोब सोपा आहे. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा, म्हणजे ५० मिमीवर एका पिक्सेलमध्ये आकाशाचे सुमारे १७.७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो आणि मृग तर विषुववृत्तावरच बसलेला. सहा सेकंदांत तारा पाच पिक्सेल ओढला जातो, अडीच सेकंदांत दोन. मी अडीचवर थांबले. एफ/२.५, आयएसओ १६००, रॉ. १.८ वर कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना पंख फुटतात, २.५ ला मधला भाग स्वच्छ मिळतो आणि शेवटी कापून तोच ठेवायचा असतो.

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःचा डार्क (सेन्सरचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वजा करायला अंधारात घेतलेली फ्रेम) काढत बसतो. सलग शूटिंगचा मोड लावून रिमोटचं बटण लॉक केलं की कॅमेरा आपणहून चालत राहतो. फोकससाठी लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध दहापट मोठा करून घ्यायचा आणि रिंगवर चिकटपट्टी लावायची. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नका. थंडीत रात्र चढते तसा फोकस किंचित सरकतो, त्यामुळे दर तासाला एकदा बघावं.

ट्रॅकिंग नसल्यामुळे तेजोमेघ फ्रेममधून पश्चिमेकडे सरकत जातो, दर चार मिनिटांना एक अंश. दहा मिनिटांनी तो पुन्हा मधोमध आणावा लागतो. हे कटकटीचं वाटतं खरं, पण मी आता मुद्दाम दर वेळी थोडा वेगळ्या जागी आणते. तारे एकाच दिशेने हळूहळू सरकत राहिले तर स्टॅकमध्ये सेन्सरचा नॉइज तिरक्या रेघांसारखा उमटतो. जागा बदलत राहिलं की त्या रेघा बऱ्याचशा मोडतात.

चारशेच्या आसपास फ्रेम्स, म्हणजे १००० सेकंद, सतरा मिनिटांचा एकूण प्रकाश. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर तीसेक डार्क आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा टी-शर्ट ताणून फ्लॅट, म्हणजे कोपऱ्यांतला काळोख आणि धुळीचे डाग दुरुस्त करायच्या फ्रेम्स. हे सगळं सिरिल या स्टॅकिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाकलं. डीपस्कायस्टॅकरही चालतो, पण मला सिरिलमधलं पार्श्वभूमीचा उजेड काढून टाकणं जास्त आवडतं. तेजोमेघाचा गुलाबी गाभा आणि दोन्ही पंख आले. वरच्या बाजूला एनजीसी १९७७ या शेजारच्या तेजोमेघाची निळसर छटाही दिसली. ५० मिमीवर एम ४२ जेमतेम दोनशे पिक्सेलांचा असतो, तेवढ्यात इतकं मिळणं मला खूप वाटलं.

ट्रायपॉडवरच्या कच्च्या फ्रेम्स तारे न जुळवता एकावर एक ठेवून बघा, विशेषतः मार्चच्या सुरुवातीच्या. ताऱ्यांच्या रेघा होतात, पण मृगाचा पट्टा आणि तेजोमेघ यांच्या मधल्या भागात कधीकधी एखादा ठिपका जागचा हलत नाही. ते भूस्थिर उपग्रह. आपल्या अक्षांशावरून त्यांची रांग विषुववृत्ताच्या सुमारे तीन अंश दक्षिणेला दिसते, म्हणजे बरोबर त्या मधल्या जागेतून जाते. मला हे कागदावर माहीत होतं, तरी स्वतःच्या फ्रेममध्ये सापडलं तेव्हा त्या रात्रीचं बाकी काम बाजूला ठेवून मी तेच बघत बसले. नेहमीच्या स्टॅकमध्ये सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेम्सशी न जुळणारे पिक्सेल वगळणं) त्यांना काढून टाकतं.

आता फळ्यांचा ट्रॅकर. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. खालची स्थिर, वरचीवर बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा सांधा) आणि कॅमेरा. खालच्या फळीत टी-नट (लाकडात बसणारा नट) ठोकून त्यातून एम ६ चा आटे पाडलेला रॉड वर येतो आणि वरच्या फळीला ढकलतो. एम ६ चा आटा एका फेऱ्यात रॉडला १ मिमी चढवतो. मिनिटाला एक फेरा धरला तर बिजागरीच्या खिळीच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत २२८.६ मिमी अंतर हवं, म्हणजे फळी आकाशाच्या वेगाने उघडते. अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर ५० मिमीला काही बिघडत नाही. बिजागरीत मात्र जराही खेळ नको. सुतारकाकांनी दुकानातल्या चार-पाच बिजागऱ्या हातात हलवून बघितल्या आणि त्यांतली सगळ्यांत घट्ट निवडून दिली. चित्र चांगलं येण्यात त्या निवडीचा वाटा मोठा आहे.

बसवताना उत्तरेकडे तोंड केलं की बिजागरी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, आणि तिचा अक्ष ध्रुवाकडे. बिजागरीला समांतर अशी बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली आहे, तिच्यातून ध्रुव दिसला की झालं. आपल्याकडे अडचण इथेच येते. ध्रुव इथे जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. माझ्या जागी उत्तरेला डोंगराची धार आहे आणि क्षितिजाजवळ धुरकट, त्यामुळे तो बरेचदा दिसतच नाही.

म्हणून चूक किती खपते हे काढलं. अक्ष दोन अंशांनी चुकला तर तारा सेकंदाला जास्तीत जास्त अर्धा विकला सरकतो. तीस सेकंदांत पंधरा-सोळा विकला, म्हणजे एक पिक्सेलसुद्धा नाही. दोन अंशांची सूट असेल तर ध्रुव दिसलाच पाहिजे असं नाही. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. मी साडेअठरा अंशांची लाकडी पाचर करून घेतली आहे. ट्रायपॉड लेव्हल करायचा, त्यावर पाचर, आणि दिशा होकायंत्राने. होकायंत्र रॉड, बिजागरी आणि कॅमेरा यांपासून हातभर लांब धरा. लोखंड त्याला सहज दोन-चार अंश फिरवतं.

रॉड फिरवायला खाली लाकडाची गोल चकती आहे, तिच्यावर घड्याळासारख्या साठ खुणा. मोबाइलवर मेट्रोनोम सेकंदाला एक ठोका लावून इअरफोन कानात घालायचे आणि दर ठोक्याला एक खूण पुढे जायचं. एक खूण म्हणजे आकाशातले १५ विकला, पिक्सेलपेक्षा कमी. काही जण दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा देतात. वाइड लेन्सला ते कदाचित खपेल, ५० मिमीला पाव फेरा म्हणजे बारा पिक्सेलांची उडी. पहिली दोन-तीन मिनिटं बोटं अडखळतात, मग ठोका अंगात भिनतो. हात टेकवायचा नाही, फक्त चिमटीत चकती धरायची. तीसेक मिनिटांनी रॉड पुन्हा खाली आणायचा.

सरळ रॉडमुळे वेग चुकतो म्हणून रॉड वाकवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात. ५० मिमी आणि तीस सेकंदांच्या फ्रेमसाठी त्याची गरज नाही. वीस मिनिटांनी फळी पाच अंश उघडते, तेव्हा वेगातली चूक पाऊण टक्का असते. एका फ्रेममध्ये ती तीन-चार विकलांची भरते. फिल्मवर अर्ध्या तासाचं एकच एक्स्पोजर द्यायचे त्या काळात हे महत्त्वाचं होतं.

आता तुलना. तीस सेकंदांच्या तेहतीस फ्रेम्स, म्हणजे पुन्हा जवळजवळ १००० सेकंद. तेच एफ/२.५, तोच आयएसओ, जागा तीच, अमावस्येच्या आसपासचीच रात्र. सेन्सरवर पडलेला एकूण प्रकाश सारखा, तरी चित्र वेगळं. तेजोमेघाच्या बाहेरची फिकट कमान आता पूर्ण वळते. पट्ट्यातल्या डावीकडच्या ताऱ्याशेजारी एनजीसी २०२४ या तेजोमेघाचा भडक्यासारखा आकार स्पष्ट उभा राहतो. ट्रायपॉडवरच्या चित्रात तिथे नुसता मळकटपणा होता.

कारण असं, की कॅमेरा फ्रेम वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी थोडा नॉइज स्वतःहून घालतो, मग ती फ्रेम अडीच सेकंदांची असो की तीसची. ट्रायपॉडवर तो चारशे वेळा पडला, ट्रॅकरवर तेहतीस वेळा. बारापट कमी वेळा म्हणजे त्याचा एकूण परिणाम सुमारे साडेतीनपट कमी. गाभा तेजस्वी असतो, त्याला हे जाणवत नाही. कडा अंधूक, त्या याच नॉइजखाली बुडतात.

यातून निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. घरच्या गच्चीवरूनही मी दोन्ही प्रकार केले, तर फरक फार थोडा दिसला. शहरात आकाशच इतकं उजळ असतं, की अडीच सेकंदांतही आकाशाचा नॉइज कॅमेऱ्याच्या नॉइजवर चढतो. तिथे छोट्या फ्रेम्सचं नुकसान उरत नाही. त्यामुळे ज्यांना गावाबाहेर जाणं जमत नाही त्यांना माझं सांगणं आहे, की ट्रॅकरवर पैसे घालू नका, कॅमेरा जास्त वेळ चालू ठेवा. स्टॅकचा नॉइज अर्धा करायचा तर फ्रेम्स चौपट लागतात, एवढं लक्षात ठेवा आणि साठवायला जागा काढा. १३००डीच्या चारशे रॉ फ्रेम्स दहा जीबीच्या घरात जातात. काळं आकाश मिळत असेल तर मात्र फळ्या आजच कापायला द्या.

या कॅमेऱ्याची एक मर्यादा दोन्हीकडे तशीच राहते. सेन्सरसमोरचा फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, म्हणजे हायड्रोजन-अल्फा, बराचसा अडवतो. त्यामुळे बर्नार्डची कमान, म्हणजे मृगाभोवतीचा लाल वायूचा मोठा अर्धगोल, जवळजवळ येत नाही आणि अश्वमुख हा काळा तेजोमेघ अगदी अंदाजाने दिसतो. फिल्टर काढून घेण्याचा माझा सध्या विचार नाही. कृत्तिका, देवयानी दीर्घिका, गोलाकार गुच्छ यांना त्याची गरज पडत नाही.

मृग आता संध्याकाळी पश्चिमेला कलायला लागला. जूनमध्ये सूर्य मृग नक्षत्रात जातो, शेतकरी पावसाची वाट बघतात आणि आपलं काम ऑक्टोबरपर्यंत थांबतं. त्याआधी एप्रिल-मेमध्ये ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ घ्यायचा आहे. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) दक्षिण ४७.५ अंश, म्हणजे इथून तो दक्षिणेला चोवीस अंशांपर्यंत चढतो. मधल्या युरोपातल्या छंदिष्टांना तो क्षितिजावर येतच नाही, आपल्याला ट्रायपॉडवरून मिळतो. एप्रिलच्या मध्याला तो मध्यरात्री सर्वांत उंच असतो, मेच्या मध्याला रात्री दहाला. अडचण धुराची. त्या दिवसांत भातासाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, आणि संध्याकाळचा धूर खोऱ्यात खाली बसून राहतो, त्यामुळे बांध सोडून थोडं वर चढावं लागेल.

त्याच्याआधी चकतीच्या जागी छोटी स्टेपर मोटर आणि ती चालवायला अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लावायचं चाललंय. प्रोग्रॅम लिहून झाला, वेग बरोबर येतो. अडलंय ते जोडणीवर. रॉड फिरता फिरता मिनिटाला १ मिमी वर चढतो, त्यामुळे मोटरनेही त्याच्याबरोबर सरकायला हवं, आणि सरकताना स्वतः फिरायला नको. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी मोटर सरकत्या पट्टीवर बसवली की नट फिरवून रॉड स्थिर ठेवला, ते फोटोसकट सांगा.