तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी गिटार अजून का?

क्लासला नवीन मूल आलं की महिन्याभरात त्याच्या घरचं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. परवा एका आईने विचारला: "सर, मुलांच्या हातातसुद्धा नव्याकोऱ्या गिटारी आहेत, मग तुम्ही अजून ही घासलेली का वाजवता? एखादी चांगली का घेत नाही?" क्लास सुटायची गडबड होती, मी "सवय झालीय हो" म्हणून मोकळा झालो. घरी येईपर्यंत ते उत्तर बोचत राहिलं. सवय चपलेचीही होते. म्हणून आज नीट सांगतो.

आधी 'चांगली'बद्दल. ही चांगलीच गिटार आहे. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, काळी, मेपल लाकडाच्या नेकची (म्हणजे लांब दांड्याची), मेक्सिकोत एन्सेनाडाच्या कारखान्यात बनलेली. हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरचा नंबर 'एमएन ६' असा सुरू होतो. म्हणजे मेक्सिको, नव्वदचं दशक, साल १९९६.

तिच्याआधी माझ्याकडे एक स्वस्तातली गिटार होती. गिटारची तार मोकळी छेडली आणि मग बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीपाशी दाबून छेडली, तर तोच सूर बरोबर वरच्या सप्तकात लागायला हवा. त्या गिटारवर तो चढा लागायचा. खाली कॉर्ड जुळवली की वरचे सूर बेसूर, वरचे जुळवले की खालचे बिघडलेले. ऑर्केस्ट्रात सोलो आला की माझ्या पोटात गोळा यायचा. चार वर्षं मी समजत होतो की दोष माझ्या बोटांत आहे. शिकणाऱ्या मुलाला वाईट वाद्य देऊ नये असं मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो, ते याच्यासाठी. मूल वाद्याला दोष देत नाही, स्वतःला देतं.

१९९७ च्या मे महिन्यात न्यू जर्सीचा मामेभाऊ सुट्टीला आला आणि येताना ही स्ट्रॅटोकास्टर घेऊन आला. डॉलर तेव्हा ३६ रुपयांच्या आसपास होता. दोन सीझनचे कार्यक्रमाचे पैसे आणि आईची भिशी मिळून बारा हजार जमले होते. त्याने सुटकेस उघडली तर आत गिटार नव्हतीच. टॉवेलमध्ये गुंडाळलेली काळी बॉडी होती, आणि कपड्यांच्या मध्ये झोपवलेला नेक. मला धक्काच बसला. अण्णा, माझे वडील, मात्र शांतपणे चष्मा लावून खाली बसले. नेकच्या मुळाशी चार भोकं, पिशवीत चार स्क्रू. त्यांनी ते एकेक करून, कोपऱ्याकोपऱ्याने सारखे आवळले.

अण्णांचं करी रोडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गिटारशी त्यांचा संबंध एवढाच की पोरगा वाजवतो. पण जोडता जोडता त्यांनी पुढची पांढरी प्लेट स्क्रू काढून उलटी केली आणि बराच वेळ आत बघत राहिले. तारांचा कंप उचलणारे तीन पिकअप, एक स्विच, आवाज आणि टोन फिरवायचे तीन पॉट, सगळ्या वायरी एकाच प्लेटला लटकलेल्या. प्लेट काढली की अख्खं सर्किट हातात. ते म्हणाले, "हे रेडिओवाल्याचं काम आहे. उघडता येईल असंच केलंय."

त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मलाही ते पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. लिओ फेंडर खरोखरच रेडिओवाला होता. कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, आणि स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. बिघडलेली वस्तू उघडून बसणाऱ्या माणसाने वस्तू कशी असावी ते ठरवलं होतं. अण्णांनी ते पाच मिनिटांत ओळखलं. हे वाचलं तेव्हा अण्णा नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं, याची मला आजही हळहळ वाटते.

१९९८ च्या गणपतीत परळच्या एका चाळीत आमचा कार्यक्रम होता. संध्याकाळी साउंड चेकला अॅम्प लावला आणि भलीमोठी घरघर सुरू झाली. सिंगल कॉइल पिकअप थोडी गुणगुणतातच. चुंबकावर केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, ते स्टेजवरच्या लाइटचा, ट्रान्सफॉर्मरचा आवाज उचलणारच. त्यासाठी मी स्टेजवर जरा तिरका उभा राहायचो, एका ठरावीक कोनात गुणगुण कमी होते. पण त्या दिवशी कोन सापडेना. सायकल घेऊन एक पोरगा अण्णांच्या दुकानात गेला. अण्णा आले आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तारांना हात लावला की आवाज कमी होतो का?" होत नव्हता. "मग अर्थिंग तुटलंय."

गिटारच्या पाठीला एक झाकण असतं. त्याखाली स्प्रिंगा अडकवलेली लोखंडी पट्टी, आणि तिला अर्थिंगची काळी वायर. ती सुटली होती. पट्टी जाड, कथिलाचा डाग द्यायच्या छोट्या सोल्डरिंग आयर्नने तापत नाही, उष्णता पिऊन टाकते. अण्णांनी मोठं आयर्न आणलं होतं. कानशीने पट्टी घासली, राळ लावली, आयर्न टेकवून थांबले. किती वेळ थांबले! मागे आरतीची तयारी चाललेली, आमचा निवेदक घड्याळ दाखवत होता. मग कथिल एकदम पाण्यासारखं पसरलं आणि त्यांनी फुंकर न मारता ते आपोआप निवू दिलं. "फुंकलं की डाग कच्चा राहतो," एवढंच बोलले आणि दुकानात परत गेले. कार्यक्रम ऐकायला थांबले नाहीत, गिऱ्हाईक बसलेलं होतं.

पुढच्या वर्षांत या गिटारचं बरंच काही बदललं. पिकअप बदलले, पॉट बदलले, फ्रेट झिजून दोनदा नवे घातले. मुंबईच्या दमट हवेत तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू गंजले तेही बदलले. दर पावसाळ्यात नेक थोडा वाकतो, आतला रॉड पाव फेरा फिरवावा लागतो. नेकच्या मागे अंगठा फिरतो तिथली पॉलिश केव्हाच गेली, लाकूड उघडं पडलंय आणि गुळगुळीत झालंय. ज्याच्याकडे ती कामाला जाते त्या कारागिराला मी प्रत्येक वेळी एक गोष्ट बजावतो: मागच्या पट्टीवरच्या डागाला हात लावायचा नाही. तो ओबडधोबड आहे, हरभऱ्याएवढा. नव्या कारागिरांना तो साफ करावासा वाटतो.

गेल्या जूनमध्ये तो डाग सुटला. तीच घरघर, आणि तारांना हात लावूनही फरक नाही. कारागिराकडे नेली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण त्याने जुनं कथिल शोषून काढून टाकलं असतं आणि नवं घातलं असतं, तीच योग्य पद्धत आहे. मी माळ्यावरून अण्णांचं आयर्न काढलं. त्याची वायर कडक झाली होती, ती बदलली, नवा प्लग लावला. पंचवीस मिनिटं तापू दिलं. डागावर थोडी राळ ठेवली आणि आयर्न टेकवून थांबलो. नवं कथिल घातलं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. मग राळेचा धूर आला, दुकानात यायचा तोच वास, आणि तो हरभरा हळूच चकाकून पातळ झाला. अर्थिंगची वायर आत दाबली, आयर्न उचललं. फुंकर मारली नाही.

अॅम्प लावला. गुणगुण होतीच. तारांवर हात ठेवल्यावर ती खाली गेली.

सहाला बॅच होती, तीच गिटार घेऊन गेलो. त्या आई पुढच्या शनिवारी येतील तेव्हा मागचं झाकण उघडून त्यांना दाखवणार आहे.