एक दिवसाआड

इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढून यायचं म्हणजे एवढा थाट चालायचाच. काल दुपारी पिंपं झाली, बादल्या झाल्या, पातेली लावत होते आणि तोंडानं सवयीनं प्रभूची प्रार्थना चालू होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथवर आले आणि हसूच फुटलं. मागायचं आजच्यापुरतं, भरून ठेवायचं परवापर्यंतचं!

आजीला यात हसण्यासारखं काही दिसलं नसतं. ती नगरकडची, लग्न होऊन इथे आलेली. बाजारात हिंदी, देवबापाशी मात्र नगरचीच मराठी. मागताना लहानमोठं काही नाही. कपाटाची किल्ली सापडू दे, डाळ शिजू दे, पाळकसाहेबांचा खोकला थांबू दे, सगळं एका दमात.

"आजी, देवाला तेवढंच काम आहे का गं?"

"मग बापाला नाही सांगायचं तर काय शेजारणीला सांगू?"

किल्ली सापडली की आभार. नाही सापडली की कुलूपवाला, आणि त्याच्या हाताला यश दे म्हणून पुन्हा डोळे मिटून उभी.

संडे स्कूलमध्ये मला बायबलातल्या मान्नाची गोष्ट आवडायची, खरं तर त्यातले किडे. इस्राएली लोकांना रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून पाठवलेलं अन्न, माणशी एक ओमर मापानं. उद्यासाठी झाकून ठेवला की सकाळी किडे आणि घाण वास. रात्रीची पोळी मी मोठ्या आशेनं उघडून बघायचे. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी काही मिळायचं नाही, आणि तो साठा नासतही नसे. म्हणजे एक दिवसाआडची सोय बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात आहेच की! पिंपांपुरती मी सुटले. गच्चीवरची टाकी, अंगणातला हौद आणि बोअरिंग कुठल्या अध्यायात बसवायचं, ते बघू.

'बालकांसारखे व्हा' यावर उपदेश झाला की मंडळी गोड हसतात. बालकाचं काय, त्याच्याकडे हौदच नसतो.

आजोबा आजारी होते तेव्हा आजीनं काय मागितलं, ते घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. मिळालं नाही. दफनाच्या दुसऱ्याच दिवशी ती देवबापाला सांगत होती, घरात पाहुणे आहेत, सिलिंडर आज येऊ दे. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही.