खाणं एक नंबर, सर्व्हिस बेकार, असं वेगवेगळं मोजता येतं का?

बाहेर जेवायला जायचं ठरलं की मी आधी रिव्ह्यू वाचत बसते आणि त्यात एक वाक्य हमखास सापडतंच, "खाणं एक नंबर, पण सर्व्हिस बेकार". किंवा उलटं, स्टाफ एकदम प्रेमळ पण जेवणात काही दम नाही. म्हणजे किचनला वेगळे मार्क, बाहेर वाढणाऱ्यांना वेगळे मार्क, आणि दोन्हीची सरासरी काढली की झालं. मला हे बरीच वर्षं खटकतंय, कारण जेवताना तसं होतच नाही ना. वेटरने उशीर केला तर तो उशीर तोंडात लागतो, चवीतच उतरतो. शेफने कितीही जीव ओतून केलेलं असू दे, ते तुमच्यासमोर कधी आलं, कसं आलं, कुणाच्या आधी आलं यावर अर्ध्याहून जास्त ठरतं असं माझं स्पष्ट मत आहे.

किचन आणि बसायची जागा यांच्या मधे एक काउंटर असतो, धंद्यातले लोक त्याला पास म्हणतात. शेफ प्लेट लावतो, कडेला लागलेला थेंब फडक्याने पुसतो, पासवर ठेवतो आणि हाक मारतो. आता ती उचलायला कुणीतरी यायचंय. समजा पाच मिनिटं कुणीच आलं नाही, तर त्या प्लेटीत काय होतं ते बघा. तळलेल्या पदार्थाचं वरचं आवरण कुरकुरीत असतं कारण त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, पण आतलं अजून गरम आणि ओलसर असतं, त्याची वाफ बाहेर येत राहते आणि तेच आवरण ती वाफ पिऊन घेतं, वर कुणी झाकण ठेवलं तर विचारूच नका. दुधाच्या नाहीतर क्रीमच्या सॉसवर साय धरते. नूडल्स सगळं पाणी शोषून फुगतात. मांसाचा जाड तुकडा तर आचेवरून काढल्यावरही आतून काही अंश तापतच राहतो, म्हणजे शेफने जिथे थांबवला होता तिथे तो थांबलेलाच नसतो. पासवर जे दिवे लावलेले असतात ते वरून ऊब देतात खरं, पण वरचा थर वाळवतातही. आणि हे सगळं होऊन ती प्लेट टेबलावर आली की आपण म्हणतो, शेफला जमलं नाही.

तापमानाचं तर आणखी आहे. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं की जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींमधलं टीआरपीएम5 नावाचं एक प्रोटीन तापमानाला खूप संवेदनशील असतं, साधारण 15 ते 35 अंश सेल्सिअसच्या मधे तापमान वाढेल तसं ते जास्त जोरात काम करतं आणि गोड जास्त गोड लागतं. आइस्क्रीम वितळलं की एकदम अति गोड का वाटतं त्याचं कारण हेच. म्हणजे डेझर्ट उशिरा उचललं तर रेसिपी बदलल्यासारखंच आहे की हो! मग सर्व्हिस वेगळी आणि खाणं वेगळं कसं?

खरं तर हे लोकांना फार पूर्वी कळलेलं आहे. युरोपातल्या श्रीमंत घरांमध्ये आधी फ्रेंच पद्धत असायची, म्हणजे एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे, दिसायला जबरदस्त पण खाईपर्यंत निम्मं गार. मग एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत आली, एका वेळी एक पदार्थ, प्रत्येकाला वेगळा, गरम असतानाच. पॅरिसमध्ये ती आणल्याचं श्रेय साधारणपणे रशियन राजदूत अलेक्झांडर कुराकिन यांना देतात, 1810 च्या आसपास. आज जगभरच्या रेस्टॉरंट्समध्ये स्टार्टर, मग मेन कोर्स, मग डेझर्ट असं जे येतं त्याचं मूळ तिथे आहे. यात पदार्थ तेच राहू शकतात, फक्त वाढायची पद्धत बदलली आणि जेवणच बदललं. पुढे ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफनी किचनमध्ये कामं वाटून दिली, सॉसवाला वेगळा, भाजणारा वेगळा, आणि आलेली ऑर्डर मोठ्याने ओरडून सांगणारा माणूससुद्धा वेगळा. आणि एस्कोफिए एकटे नव्हते हे मला फार महत्त्वाचं वाटतं, त्यांच्या जोडीला हॉटेल चालवणारे सेझार रिट्झ होते, ते बाहेरचं सगळं बघायचे. 1890 मध्ये दोघं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले, 1898 मध्ये पॅरिसचं रिट्झ सुरू झालं तेव्हाही दोघं बरोबरच. आतला आणि बाहेरचा, दोघं एकाच ताटावर काम करत होते.

आता कुणी म्हणेल, मग रेस्टॉरंट्सना स्टार देणाऱ्या फ्रान्सच्या मिशेलिनचं काय? बरोबर आहे, मिशेलिन गाइड 1900 पासून निघतंय, 1926 मध्ये त्यांनी स्टार द्यायला सुरुवात केली आणि 1931 मध्ये एक, दोन, तीन अशी उतरंड आणली, आणि त्यांचं म्हणणं हेच असतं की स्टार फक्त ताटातल्या पदार्थाला, सजावट किंवा सर्व्हिसला नाही. पण मला सांगा, त्यांचा तपासायला येणारा इन्स्पेक्टर जे खातो ते पासवरून कुणीतरी वेळेत उचलून आणलेलंच असतं ना. त्याची प्लेट लोळत पडली असती तर त्याने ताटालाच कमी लेखलं असतं. सर्व्हिस चोख असली की ती दिसत नाही आणि सगळं श्रेय शेफच्या खात्यात जातं, मला तर त्या वाढणाऱ्यांसाठी वाईट वाटतं.

एक प्रसंग सांगते, कारण तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलंय. आम्ही घरचे सगळे जेवायला गेलो होतो, चांगली गजबजलेली जागा, मेन कोर्स आला, सगळ्यांचा आला, फक्त भावाचा नाही. वेटर म्हणाला, "येतंय सर, दोन मिनिटं," आणि गेला तो गेलाच. आता सगळ्यांच्या समोर वाफा येणारी ताटं आणि भाऊ म्हणतोय अगं सुरू करा तुम्ही, आई म्हणतेय थांबू की थोडं, तेवढ्यात येईलच. कुणी हात लावेना. मी माझ्या प्लेटीकडे बघत होते, सॉसची चकाकी हळूहळू गेली, कडेने तुपकट पांढरट थर दिसायला लागला. शेवटी भावाची प्लेट आली तेव्हा त्याचं गरम आणि बाकी सगळ्यांचं गार. एक केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, किचनमध्ये गेली नव्हती, बस एवढंच झालं होतं. पण त्या एका चिठ्ठीने सगळं टेबल गार जेवलं. आणि घरी जाताना गाडीत सगळे काय म्हणाले, तर "जेवण ठीकच होतं". सर्व्हिसबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, दोष गेला तो जेवणाला.

अशीच चूक दुसऱ्या एका ठिकाणी झाली होती तेव्हा तिथली कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारी, स्वतः आली, खाली वाकून नीट डोळ्यात बघून म्हणाली, "ताई, ही एक ऑर्डर आमच्याकडून राहिली, दहा मिनिटं लागतील, बाकीच्यांनी प्लीज गरम आहे तोवर सुरू करा, आणि यांना मी तोपर्यंत थोडं सूप आणून देते." विषय संपला. कुणी अवघडलं नाही, सगळ्यांनी गरम खाल्लं, आणि भावासमोरही काहीतरी होतं. चूक तितकीच होती हो, फरक फक्त बाहेरच्या माणसाने काय केलं याचा होता.

वाट बघण्याबद्दल डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये एक लेख लिहिला होता, धंदा चालवणारे लोक अजूनही त्याचा आधार घेतात. त्यात ते म्हणतात की रिकामं बसून काढलेला वेळ जास्त लांब वाटतो, किती वेळ लागेल हे माहीत नसलं की आणखी लांब, आणि कारण सांगितलं नाही की त्याहून लांब. मला यातलं माहीत नसणं सगळ्यात जास्त छळतं. वीस मिनिटं लागतील असं स्पष्ट सांगितलं की माणूस गप्पा मारतो, पण "येतंयच" म्हटलं की दर वेळी किचनचं दार उघडलं की मान तिकडे वळते, गप्पांचा धागा तुटतो, आणि भूक म्हणजे नुसता राग होऊन बसतो. असल्या मूडमध्ये कुठलंही खाणं चांगलं लागत नाही.

ऑर्डर घेण्याचंही असंच. नेदरलँड्समध्ये रिक व्हान बारेन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, 2003 मध्ये छापून आला, वेट्रेसने गिऱ्हाइकाची ऑर्डर त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवली की टिप जास्त मिळत होती. टिपचं सोडा, मला त्यातला दुसरा फायदा मोठा वाटतो, चूक टेबलावरच पकडली जाते, प्लेट बनल्यावर नाही. आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. युरोपियन युनियनमध्ये डिसेंबर 2014 पासून 14 ॲलर्जन्सची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, शेंगदाणे, अंडी, दूध, तीळ, मोहरी वगैरे. पण कायदा काहीही असो, तुम्ही टेबलावर बसून विचारता "यात शेंगदाणे आहेत का" तेव्हा उत्तर देणारा वेटरच असतो. जो वेटर "नाही नाही, नसणार" म्हणतो त्याच्यापेक्षा "मला नक्की माहीत नाही, आत विचारून येतो" म्हणणारा लाखपटीने चांगला, आणि तो खरंच आत जाऊन विचारून आला तर मी त्या जागेवर डोळे मिटून विश्वास ठेवते.

हो, पण सर्व्हिस म्हणजे सारखं मागेपुढे करणंही नव्हे. घास तोंडात असतानाच "एव्हरीथिंग ओके मॅडम?" हे कशाला? दोन घोट प्यायले की ग्लास भरायला आलाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टेबलावर एक जण अजून जेवतोय आणि बाकीच्यांच्या प्लेटी उचलायला सुरुवात, मग तो बिचारा भराभर संपवतो. हळू खाणाऱ्या माणसाला असं घाईला लावणं मला अजिबात सहन होत नाही. वेगावर तर संगीताचाही परिणाम होतो, रोनाल्ड मिलिमन यांनी 1986 मध्ये मांडलं की अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये जलद संगीत असताना लोक सरासरी 45 मिनिटं बसले आणि संथ संगीत असताना 56. आवाज फार मोठा असेल तर गोड आणि खारट दोन्ही कमी जाणवतं असंही प्रयोगांत दिसलंय. तेव्हा स्पीकरचं बटण ज्याच्या हातात तोसुद्धा मीठ कमीजास्त करतोय म्हणायचं.

आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की खराब खाणं कुठलीच सर्व्हिस वाचवू शकत नाही. शिळं ते शिळंच. कितीही गोड बोला, कच्चं राहिलेलं पोटाला कळतंच. फक्त एवढं होतं की माणसं चांगली असली तर मी तोंडावर सांगते, बाबा हे कच्चं आहे, आणि ते बदलून आणतात, आणि मी परत जाते. माणसं तिरसट असली तर मी काही बोलत नाही, बिल देते आणि नंतर फिरकत नाही. किचनला कधी कळतच नाही त्यांचं काय चुकलं. म्हणजे पदार्थ सुधारायचा रस्तासुद्धा वेटरवरूनच जातो.

आणि आतले बाहेरचे यांचं पटत नसेल तर सगळंच बिघडतं. न्यूयॉर्कचे डॅनी मेयर, 1985 मध्ये युनियन स्क्वेअर कॅफे सुरू केलेले, त्यांनी 2015 मध्ये आपल्या रेस्टॉरंट्समधून टिप बंद करायचं जाहीर केलं. एक मोठं कारण हेच होतं की टिपमुळे बाहेरच्यांची कमाई वाढत गेली आणि आचारी मागे राहिले. 2020 मध्ये त्यांना ते गुंडाळावं लागलं, पण त्यांनी धरलेला प्रश्न खरा होता असं मला वाटतं. ज्याने बनवलं आणि ज्याने आणलं ते एकमेकांवर धुसफुसत असतील तर पासवर प्लेट थोडी जास्तच वेळ राहते, आणि ती गार प्लेट तुमच्या माझ्या वाट्याला येते.

शेवटचा मुद्दा बिलाचा, कारण तिथे बहुतेक जागा ढेपाळतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांचा 1993 चा एक प्रयोग आहे, लोकांनी 60 सेकंद 14 अंशांच्या गार पाण्यात हात ठेवला, दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद आणि वर आणखी 30 सेकंद, पण त्या जास्तीच्या वेळात पाणी एक अंशाने कोमट होत गेलेलं. परत कुठलं कराल विचारलं तर बहुतेकांनी लांबचं निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. आता विचार करा, सुंदर जेवण झालंय, सगळे तृप्त आहेत, बिल मागितलं, आणि पंधरा मिनिटं कुणाचा पत्ता नाही. जेवणाची वाट बघताना पुढे काहीतरी चांगलं येणार असतं, बिलाची वाट बघताना काहीच येणार नसतं, मुलं कंटाळलेली, कुणीतरी उभं राहून हात हलवतंय. ज्या वेटरने संध्याकाळभर इतकं प्रेमाने वाढलं तो तोवर दुसऱ्या टेबलावर अडकलेला असतो आणि बिल कुणी अनोळखी माणूस काही न बोलता आपटून जातो. माझं हॉटेल असतं तर मी एवढा एकच नियम आधी केला असता, की ज्याने वाढलं त्यानेच बिल आणायचं, आणि मागितल्यापासून पाच मिनिटांच्या आत.